शर्यतीपुढची जीप

मी हळू गाडी चालवतो, याची मुरबाड तालुक्यात कायम चेष्टा झाली. मुरबाड ते वैशाखरे या रस्त्यावर माझी सवारी जीप होती. याच्या गाडीत बसायचं तर घरून भाकरी बांधून घ्यावी, असं लोक म्हणायचे. एका म्हातारीनं भर बाजारात सांगितलं होतं, की मी याच्या गाडीत चढले तेव्हा कोंबडी अंड्यांवर बसलेली होती आणि घरी पोचले तेव्हा पिल्लं अंगणात चरत होती. मी वरवर हसायचो, पण आतून राग यायचा. मागच्या बाकावरून कुणी 'काका, जरा दाबा की' बोललं, की मी मुद्दाम आणखी हळू करायचो. स्वभावाला औषध नाही.

बाजाराच्या दिवशी बायको पुढच्या सीटवर असायची. तिच्यामुळं तर आणखीच उशीर व्हायचा. आमच्या रस्त्यावर एक पद्धत आहे. ट्रक किंवा टेम्पो बंद पडला, की ड्रायव्हर गाडीच्या मागं थोड्या अंतरावर दगड मांडतो आणि एखादी हिरवी फांदी मोडून ठेवतो, म्हणजे येणाऱ्याला लांबून कळतं. पद्धत चांगली आहे. पण गाडी चालू झाली, की तोच भला माणूस निघून जातो आणि दगड रस्त्यातच राहतात. एकाला वाचवायला मांडलेले दगड मग दुसऱ्याला पाडतात. बायकोला हे खपायचं नाही. दगड दिसले, की ती 'थांबवा' म्हणायची, पदर खोचून उतरायची आणि एकेक दगड कडेला सारायची. गाडीतली माणसं कुरकुरायची. ती त्यांना म्हणायची, "तुमाला घाई हाय, दगडाला नाय."

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या. सीटा भरेनात. परमिट संपलं, ते मी परत काढलं नाही. आणि त्याच पावसाळ्यात बायको गेली. तापाचं निमित्त झालं.

सुतकाचे दिवस वाईट नव्हते, असं मी म्हटलं तर लोकांना विचित्र वाटेल. पण ते खरं आहे. आमच्या घरी चूल पेटत नव्हती, तर शेजारून भाकऱ्या यायच्या, कालवण यायचं. ओट्यावर माणसं बसलेली असायची. समोरच्या घरातला टीव्ही बंद होता. आळीतून जाणारी पोरंसुद्धा मोटारसायकल हळू करायची. सगळं गाव माझ्या चालीनं चालत होतं. मग तेरावं झालं, गोड जेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लावणीला गेले. जाणारच. भात कुणासाठी थांबत नाही. समोरचा टीव्ही लागला, मोटारसायकली भरधाव सुटल्या, आणि मी ओट्यावर बसून सगळं ऐकत राहिलो. त्यात कुणाचीच चूक नव्हती. तरी मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मुलगी शहापूरला दिलेली आहे. ती तेव्हापासून एकच सांगायची, "बाबा, जीप विका आन इकडं या. तिथं कोणासाठी बसलाव?" मी जायचो, थोडे दिवस राहायचो आणि कारण काढून परत यायचो. जीप अंगणात उभी होती. तिला रोज सुरू करायचो, जरा वेळ घुरघुरू द्यायचो आणि बंद करायचो. एवढंच काम होतं.

अशात एकदा मुरबाडजवळच्या एका गावचा तरुण माझ्याकडं आला. त्याला मी शाळेत सोडायचो, तेव्हा तो टपावर बसू द्या म्हणून रडायचा. आता तो गावच्या मंडळाचा अध्यक्ष झाला होता. भात कापून झालं, की खाचरं रिकामी पडतात. त्या खाचरांत हे मंडळ मोटारसायकलच्या शर्यती भरवायचं. दिवाळीनंतर सुरू झाल्या, की होळीपर्यंत मधूनमधून चालायच्या. पोरं बांधांवरून गाड्या उडवायची. शर्यत झाली, की फुटलेले बांध मंडळानं घालून द्यायचे, असं शेतकऱ्यांशी ठरलेलं होतं.

मागच्या शर्यतीत काय झालं, ते त्यानं सांगितलं. एक पोरगा पलीकडच्या वळणावर पडला. ॲम्ब्युलन्स अलीकडं उभी होती. मधून गाड्या चालूच होत्या. पिवळं फडकं हलवलं, तर प्रत्येकानं वेग थोडा कमी केला. थोडा म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या मनावर. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रेल्वेच्या फाटकाला थांबल्यासारखा मैदानाच्या दोरीपाशी थांबला आणि पडलेला पोरगा पाय धरून तिकडं कण्हत राहिला.

"मोठ्या शर्यतीत एक गाडी येते सगळ्यांच्या पुढं," अध्यक्ष बोलला. "ती आली की सगळ्यांनी तिच्या मागं लायनीत चालायचं. आमाला तशी गाडी पायजे, काका. आन चालवणारा हळू पायजे."

"मंग माझ्याकडं कशाला आलास?"

"तालुक्यात दुसरा कोण हाय?"

चेष्टा होती, पण मला ती गोड लागली. मी हो म्हटलं.

डीजेवाल्याकडून गोल फिरणारा पिवळा दिवा आणून टपावर बसवला आणि त्याचं बटण स्टिअरिंगच्या बाजूला काढलं. नियम सोपा होता. कुणी पडलं, की मी दिवा लावून मैदानात उतरायचं. दिवा फिरतोय तोवर कुणी कुणाला ओलांडायचं नाही, जीपला तर नाहीच. पडलेल्याला उचलून नेलं, की मी दिवा बंद करायचा. दिवा बंद झाला म्हणजे जीप बाजूला होणार आणि शर्यत पुन्हा सुरू.

पहिल्यांदा मी मैदानात उतरलो, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं आहे. आरशात नुसती हेल्मेटं. सगळ्यात तेज पोरं, ज्यांना घाटात ट्रकवालेही वाट देतात, ती माझ्या मागं एका ओळीत फटफट करत चालली होती. आयुष्यभर माझ्या मागं हॉर्न वाजले होते. त्या दिवशी एकही वाजला नाही. मला मोठं बरं वाटलं. पलीकडं ॲम्ब्युलन्स सावकाश मैदान ओलांडून गेली, पोराला आत घेतलं, दार लागलं. मग मी दिवा बंद केला, मैदानाच्या कडेच्या आंब्याखाली वळलो, आणि क्षणात सगळे माझ्या बाजूनं निघून गेले. धुरळा खाली बसेपर्यंत मी काचा वर करून बसलो होतो. शेजारची सीट रिकामी होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला आठवली. ते माझं मलाच आवडलं नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. शर्यतीच्या दिवशी मी जीप धुवायचो, आरसा पुसायचो, लवकर निघायचो. बाकी वर्षभर माझी कुणाला गरज नव्हती. जीप न विकायला मुलीला सांगण्यासारखं तेवढं एकच कारण माझ्याजवळ होतं.

जीपवर राग असणारे पुष्कळ होते. त्यात एक निळ्या हेल्मेटवाला, मुरबाडचाच, गॅरेजमध्ये काम करणारा. तो खरोखर चांगला चालवायचा. एका शर्यतीत तो इतका पुढं गेला, की बाकीचे मागच्या वळणावर दिसेनात. तेवढ्यात कुणीतरी पडलं. मी दिवा लावून उतरलो. सगळे त्याला येऊन चिकटले. त्यानं कमावलेलं सगळं अंतर माझ्या जीपमागं विरघळून गेलं. दिवा बंद झाल्यावर पहिल्याच वळणावर दोघं त्याच्या आतून घुसले आणि तो हरला.

तो सरळ माझ्याकडं आला. हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावर ओल्या मातीचा पट्टा होता.

"काका, तुमी मला हरवलाव."

"मी शर्यतीत नव्हतो."

"त्येच तर. शर्यतीत नाय आन सगळ्यांच्या पुढं."

"पोरगा पडला होता. त्याला तसाच ठेवायचा होता काय?"

"त्याला उचला. पण माझं अंतर कशाला खाता? आन एक सांगू, राग मानू नका. तुमी बाजूला झालाव की सगळे एका गठ्ठ्यात सुटतात. पोरं तेव्हाच जास्त पडतात."

मी त्याला काहीतरी लागट बोललो. हरलेल्या बैलाला जू टोचतं, असं काहीतरी. पण घरी येताना मला ते कळत होतं. दिवा बंद केल्यावर आंब्याखालून मीच बघितलं होतं. सगळे एकदम त्या अरुंद वळणावर घुसायचे, हँडलला हँडल घासायचं. सावधगिरीसाठी थांबवलेल्या माणसांना नंतर जास्त घाई होते. पोराचं खरं होतं आणि त्यामुळंच मला त्याचा राग आला होता.

त्या सुमाराला मी शहापूरला गेलो, तेव्हा जावई टीव्हीवर गाड्यांची शर्यत बघत होते. तिथंही तशीच एक गाडी पुढं आली, दिवे लावून. मी सरसावून बसलो. घरात पहिल्यांदाच मला काहीतरी बोलण्यासारखं सापडलं होतं.

"ही पायजेच," मी म्हटलं. "नायतर रस्त्यावर उतरलेल्या माणसांचं काय?"

"मामा, ही मुद्दाम आणतात," जावई बोलले. "पुढचा लई पुढं गेला की बघणाऱ्यांना मजा येत नाय. मंग कचरा पडला, तुकडा पडला, काढली गाडी. परत सगळे सारखे."

"आमच्याकडं उलटं हाय. जीप आली की लोक भेळ खायला जातात."

मुलगी स्वयंपाकघरातून हसली. जावईही हसले. मग त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. टीव्हीवरची ती गाडी एकटी पुढं, बाकीच्या तिच्या मागं, अशी बराच वेळ चालत होती. आत कोण बसलं असेल, त्याला घरी कोण असेल, असं माझ्या मनात येत होतं. इतक्या वेगाच्या गाड्यांपुढं त्याला हळूही जाता येत नसणार. त्याच्या हळूला आमच्याकडं भरधाव म्हणत असतील.

यंदा कापणी झाल्यावर मंडळाची बैठक देवळाच्या पारावर भरली. मला मुद्दाम बोलावलं, एवढा मान ठेवला. अध्यक्षानं सगळं नीट सांगितलं. यंदा मैदान पलीकडं वाढवलंय. ॲम्ब्युलन्सला मागून वेगळी वाट काढलीय. आता तिला मैदान ओलांडावं लागणार नाही. वळणावळणाला फडकी घेऊन माणसं असतील. फडकं दिसलं तिथं वेग निम्म्यावर आणायचा, नाही आणला तर बाद.

"म्हंजे जीप नको," मी म्हटलं.

"तसं नाय, काका. तुमी येयाचंच. खुर्ची टाकतो तुमाला."

मी त्यांच्याशी भांडलो. फडक्यावर कुणी वेग कमी करत नाही, तुम्ही तोंडावर पडाल, एखादा जिवाला मुकेल, असं बरंच बोललो. निळ्या हेल्मेटवालासुद्धा खाली बघत बसला होता. बोलता बोलता मलाच माझा आवाज ऐकू आला. मी पडणाऱ्या पोरांसाठी भांडत होतो की माझ्यासाठी, ते मला कळेना. मागून ॲम्ब्युलन्सची वाट काढली, हे चांगलंच केलं होतं. पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. मी चहा न घेता निघालो.

शर्यतीच्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी सकाळी जीप धुतली. मैदानावर सगळ्या गाड्यांत ती लावली आणि खुर्चीवर जाऊन बसलो. उन्हं तिरपी होती. खाचराच्या कडेला वाल हिरवागार होता. शर्यत सुरू झाली आणि निळ्या हेल्मेटवाला पहिल्या फेरीतच सुटला.

आता लिहायला बरं वाटत नाही, पण त्या खुर्चीवर बसून मी कुणीतरी पडायची वाट बघत होतो. नुसतं पडावं असं नाही, जरा लागावंही. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघावं. इतक्या वर्षांत कुणाला ओरखडा येऊ दिला नाही असा मी ड्रायव्हर, आणि माझ्या मनात हे. एकटा माणूस कुठवर जातो, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि पडला एक जण. पलीकडच्याच वळणावर. माझा उजवा पाय मातीवर दाबला गेला, जणू तिथं ब्रेक होता. फडकी हलली. मागून येणाऱ्यांनी वेग कमी केला. खरोखर केला, कारण बाद होण्याची भीती होती. माणसांनी पोराला उचललं, ॲम्ब्युलन्स मागच्या वाटेनं येऊन उभी राहिली, पण तो स्वतःच्या पायानं चालत तिच्याकडं गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शर्यत थांबली नाही. निळ्या हेल्मेटवाल्यानं कमावलेलं अंतर तसंच राहिलं, फेरीगणिक वाढत गेलं. असं टिकलेलं अंतर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होतो. एकटी गाडी, पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, आणि सगळं मैदान तिच्याकडं बघतंय. ते सुंदर होतं, हे मला कबूल करावं लागलं.

"बघितलाव, काका?" अध्यक्ष जवळ येऊन बोलला. "जमलं."

"जमलं," मी म्हटलं.

जीपमध्ये बसून मुलीला फोन लावला. जीप विकतो, तिकडं येतो, असं सांगितलं. ती आनंदानं रडायला लागली. मी रडलो नाही. तिला काय काय आणायचं ते तिनं सांगितलं, मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला.

वैशाखऱ्याकडं निघालो तेव्हा सूर्य पाठीमागं उतरला होता. एका वळणावर भाजीचा टेम्पो आडवा उभा होता, टायर फुटलेला. ड्रायव्हर एकटाच स्टेपनी चढवत होता. मागं त्यानं दगड आणि ऐनाची फांदी मांडली होती, पण वळणामुळं मागच्याला ती दिसली नसती. मी जीप दगडांच्याही मागं, सरळ रस्त्यावर उभी केली. टपावरचा दिवा अजून होता. तो लावला. टायर चढला, ड्रायव्हरनं हात केला आणि टेम्पो निघून गेला. दगड तसेच रस्त्यात.

मी उतरलो. बायको असती तर तिनं मला उतरू दिलं नसतं. दोन दगड सारले तेवढ्यात मागून मोटारसायकलींचा आवाज आला. शर्यत संपली, की ही पोरं घाटाच्या पायथ्याला भजी खायला जातात. सगळ्यात पुढं निळं हेल्मेट होतं. दिवा बघून त्यानं वेग कमी केला आणि जीपच्या मागं थांबला. त्याच्या मागं बाकीचे थांबले, एका ओळीत. तो उतरला. मोठा दगड त्यानं उचलला, फांदी मी ओढली. रस्ता मोकळा झाला.

मी जीपमध्ये बसलो, गाडी सुरू केली. दिवा फिरतच होता, बंद करायचा राहिला होता. मी निघालो आणि आरशात बघितलं. ती पोरं मागंच होती. पुढं रस्ता सरळ, मोकळा, समोरून कुणी येत नव्हतं, तरी एकानंही जीप ओलांडली नाही. चेष्टा असेल. सवय असेल. जिंकलेल्या पोराची मला केलेली परतफेडही असेल. मी माझ्या चालीनं चाललो आणि मागं ते माझ्याच चालीनं येत होते. हॉर्न नव्हता. शेजारच्या सीटवर उन्हाचा तुकडा पडला होता आणि वळणावळणाला हलत होता.

वैशाखरे आलं. माझ्या घराचं वळण डावीकडं. इथं मी वळणार, म्हणजे आधी दिवा बंद करायला हवा, म्हणजे त्यांना कळेल. माझा हात बटणावर गेला. घर रस्त्यावरून दिसत होतं. ओट्यावर कुणी नव्हतं, आत काळोख होता.

मी हात परत स्टिअरिंगवर आणला. घर मागं गेलं, गाव मागं गेलं, आणि मी तसाच घाटाकडं चाललो, दिवा फिरत ठेवून, जमेल तितका हळू.